ओवीत न बसणारा भाऊ

४ मार्च, मंगळवार

विमा एजंटानं दिलेली ही डायरी दोन महिने टीव्हीच्या मागे पडून होती. आज धूळ झटकून लिहायला घेतली, कारण नोकरी संपल्यापासून आज वार कोणता हेच कळेनासं झालंय. दौंडला रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागात फिटर होतो तेव्हा कामानं थकायचो. आता काहीही न करता थकतो, आणि त्याची रजा कुणाकडे मागायची तेही ठाऊक नाही.

संध्याकाळी प्रगती आली. आमच्या वॉर्डातल्या मंडळाची सेक्रेटरी, शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, दर जयंतीला नुसता डीजे लावतो आपण. ह्या वर्षी चौदा एप्रिलला बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ठेवू. बाबासाहेबांवरच्या. पेटी तुम्ही वाजवायची. पण ओव्या येतात कुणाला?"

मी म्हणालो, आमच्या आक्काला येतात. माझी थोरली बहीण, सोजरबाई. शिरूरला असते, मार्केट यार्डाच्या मागे. लहानपणी भांडगावला तिच्याच ओव्यांनी मला जाग यायची.

प्रगती खूश झाली. ललिता आतून म्हणाली, "आता तरी शिरूरला जाणं होईल." बायकोच्या बोलण्यात नेहमी काहीतरी असतं. ते शोधत बसायचा मला कंटाळा येतो.

९ मार्च, रविवार

शिरूरला जाऊन आलो. चौफुल्याला एसटी बदलावी लागते. गुडघे बोलत होते, मी ऐकत नव्हतो. आक्काचं घरच सापडेना, कारण मधे नवीन इमारती झाल्यात. शेवटी गिरणीवाल्याला विचारलं.

दारात मला बघून आक्का घाबरलीच. "कोण गेलं रं?" हे तिचं पहिलं वाक्य. कुणी गेलं नाही म्हटल्यावर तिनं पाणी दिलं. सत्तरीला आली, पण ताठ आहे. एकटी असते. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तेजश्री चाकणला कंपनीत आहे. परवापरवापर्यंत आक्का यार्डात कांदा निवडायला जायची.

काम सांगितलं. ती म्हणाली, "जातं कुठं हाय आता? त्याची खालची तळी न्हाणीत पडलीय धुणं आपटायला." जातं नसलं तरी गा म्हटलं. जरा वेळ लाजली. मग मांडी घातली, एक पाय लांब केला, आणि रिकाम्या फरशीवर हात गोल फिरवायला लागली. हात फिरल्याशिवाय तिला सूरच सापडत नव्हता.

*जात्याच्या पाळीवर पीठ पडं झरझर*
*भीमाच्या लेखणीनं उजळलं माझं घर*

अंगावर काटा आला. मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो, तो आणखी जवळ सरकवला. मग बाबासाहेबांच्या संपल्या आणि तिची ती भावाच्या ओव्यांवर आली.

*घोडनदीच्या पुलाशी घंटी सायकलची वाजं*
*यशवंत बंधू आला, मन भरलं गं माझं*

एक झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. सगळीकडे यशवंत. यशवंत आमचा धाकटा. भांडगावला दुसऱ्याच्या रानात सालानं होता, करोनात गेला. त्याच्या माघारी तिथलं घर बंदच आहे.

पिठलं-भाकरी जेवलो. आक्का म्हणाली, "ऱ्हा की आजच्या दिस." पण पुढची एसटी कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून निघालो. ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. मी वळून बघितलं तेव्हा तिथंच उभी होती.

१० मार्च

प्रगतीला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिनं विचारलं, "काका, ह्यात 'मुराळी' येतंय ते काय?"

मी समजावलं. सासरी दिलेल्या बहिणीला पंचमीला, दिवाळीला माहेरी आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. बहीण आपली आपण येत नसे, ते बरं दिसत नसे. भावानं जायचं, जेवायचं, तिची पिशवी उचलायची आणि चारचौघांदेखत घेऊन निघायचं. यशवंत दरवर्षी जायचा. जाताना भांडगाव ते शिरूर सायकलवर. येताना सायकल एसटीच्या टपावर आणि आक्का खाली खिडकीत. मला ड्युट्या असायच्या.

"आणि आता?" प्रगतीनं विचारलं.

"आता फोन आहेत," मी म्हणालो.

ललिता चहा घेऊन आली होती. कप जरा जोरातच ठेवला.

११ मार्च

लिहू की नको असं दोनदा झालं. पण डायरी कुणी वाचणार नाही. रेकॉर्डिंग आज परत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आईचं नाव आहे, बापाचं आहे, तेजश्रीचं आहे, शेजारच्या सरूबाईचंसुद्धा आहे. माझं कुठंही नाही.

वाईट वाटलं. साठी उलटलेल्या माणसाला असल्या गोष्टीचं वाईट वाटावं याची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. भावांमध्ये थोरला मी. नोकरीला लागलेला मी. तिला कुकर मी दिला, मिक्सर मी दिला. भाऊबीजेची साडी एक वर्ष चुकली नाही. शिरूरकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो, पण पोचते.

१४ मार्च, शुक्रवार

विचार केल्यावर खरी अडचण लक्षात आली. अडचण चालीची आहे. 'यशवंत' चार अक्षरांचा, माझं 'पोपट' तीन. म्हणताना एक घर रिकामं राहतं, आणि अडाणी बाईला ते भरायचं कसं सुचणार? पेटीवर बसून दुपारभर जुळवलं. मी काही सायकलवरून जाणारा नव्हे, तेव्हा तेही बदललं.

*घोडनदीच्या पुलाशी हॉर्न मोटारीचा वाजं*
*पोपटराव बंधू आला, मन भरलं गं माझं*

ललिताला म्हणून दाखवलं. ती भाजी निवडत होती. आधी तिनं तोंडाला पदर लावला, मग पदरही पुरला नाही. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं. "पोपटराव!" म्हणायची आणि परत सुरू. इतकी ती आमच्या लेकीच्या, गौतमीच्या लग्नातसुद्धा हसली नव्हती.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. चाल बसली बरोबर," म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

१६ मार्च

आक्काला फोन केला. बदललेली ओवी म्हणून दाखवली.  

"ऐकतीस का?"

"ऐकतीया."

"मग? जमतंय ना?"

"तुझं न्हाई बसत रं त्यात, पोपट." आवाज रागाचा नव्हता, मऊच होता. "यशवंताचं आपसूक बसतं. तुझं बळंच घातल्यावानी व्हतंय."

"चालीत थोडा ताण दिला की बसेल."

"बरं," म्हणाली. "जेवलास का?"

म्हणजे माझा अंदाज खरा होता. प्रश्न चालीचाच आहे. ती पेटीबरोबर गायला बसली की समोरासमोर दाखवून देईन.

२५ मार्च

तालीम. प्रगतीनं चार मुली जमवल्यात. आवाज गोड आहेत, पण ओवी म्हणताना मधेच मोबाईल बघतात. रेकॉर्डिंगवरून बाबासाहेबांच्या ओव्या पाठ करून घेतल्या. भावाच्या ओव्या आक्का स्वतः स्टेजवर म्हणेल असं ठरलं. तसं पत्रिकेतही छापलंय.

मंडपवाल्यानं थर्माकोलचं जातं करून आणलं. करडा रंग, वर लाकडी खुंटा. एका मुलीनं खुंटा धरून जोर लावला तर जातंच तिच्या मांडीवर आलं. सगळ्या हसल्या. मी नाही हसलो. त्या हलक्या वस्तूपुढे बसून ओवी कशी निघणार याची मला काळजी आहे, पण सांगणार कुणाला. खऱ्या जात्याला चौघं उचलायला लागतील आणि हाताशी असलेली चौघंही वयानं माझ्याएवढीच आहेत.

घरी आलो तेव्हा पाय सुजले होते. नको म्हणायला हवं होतं.

५ एप्रिल, शनिवार

ललिताशी वाजलं. ती म्हणाली, "तेराला वन्संना आणायला तुम्हीच जावा."

मी म्हणालो, त्या दिवशी साउंड येणार, मंडप येणार, मी कसा जाऊ? आपल्या गल्लीतल्या बिरदेवची नवी गाडी भाड्यानं सांगितलीय. एसी आहे. दारातून उचलून दारात सोडेल. आक्का जन्मात एसी गाडीत बसली नसेल.

"मग निदान गाडीत तुम्ही बसून जा."

"अगं, माणसाला आणायला दोन माणसं कशाला?"

त्यावर ती उठून भांडी घासायला गेली. तिच्या भांड्यांचा आवाज मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त दमवतो. आक्काला फोन करून सांगितलं, सकाळी गाडी येईल, तयार रहा. "तू येतूस ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, गाडी येतेय ना, मग झालं.

१३ एप्रिल, रविवार

गाडी रिकामी आली.

बिरदेव बिचारा ओशाळून दारात उभा. त्यानं सांगितलं ते तसंच लिहितो.

"काका, म्या येळंवर गेलो. मावशी नवं लुगडं नेसून वट्ट्यावर बसल्या व्हत्या. पिशवी भरल्याली. बाजूला चार बाया. म्या दार उघडलं तर मावशी गाडीत वाकून बघाया लागल्या. म्हणल्या, 'पोपट कुठं हाय?' म्हणलं, काका कामात हाईत, मला धाडलंय. मग उगंच हुभ्या ऱ्हायल्या. त्या बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. मग म्हणल्या, 'गाडी लई झ्याक हाय रं बाळा, पर मला गाडी लागती. तू च्या पिऊन जा.' च्या पाजला, पोहं दिलं. पर बसल्या न्हाईत त्या न्हाईतच."

गाडी लागते! साठ वर्षांत हे मला माहीत नव्हतं. एसटीनं तर कुठंकुठं फिरलीय. आणि लागत होती तर नवं लुगडं नेसून, पिशवी भरून बसलीच कशाला? आधी सांगितलं असतं तर उलटीच्या गोळ्या पाठवल्या असत्या. चार बायकांसमोर माझी गाडी परत पाठवली. मी फार चिडलोय.

ललिताला सांगितलं. ती हातातलं काम टाकून खाली बसली आणि "अरेरे, चार बायकांसमोर," एवढंच म्हणाली. चला, निदान या वेळी ती माझ्या बाजूनं आहे.

१५ एप्रिल

कार्यक्रम झाला. मुली बऱ्या गायल्या. दुसऱ्या ओवीला जात्याची वरची तळी घरंगळत स्टेजखाली गेली, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. निळ्या फेट्यातली पोरं लगेच डीजेकडे पळाली. भावाच्या ओव्या गाळल्या. सूत्रसंचालकानं "तब्येतीच्या कारणास्तव" असं सांगितलं.

प्रगती म्हणाली, "काका, छान झालं." चेहऱ्यावर मात्र तसं नव्हतं. मी पेटी खोक्यात घातली आणि दिवाणाखाली ढकलली. आता हे सगळं पुरे.

१९ मे

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. ऊन, दिवसाआड पाणी, बँकेत हयातीच्या दाखल्याची चौकशी. आक्काला दोनदा फोन केला. नीट बोलली. गाडीबद्दल मीही बोललो नाही, तीही नाही. यार्डात परत निवडायला जाते म्हणाली, घरात बसून करमत नाही म्हणे. या वयात! मी रागावलो तर म्हणाली, "हितं माझी वाट बघणारं कोण हाय, आन् मी तरी कुणाची बघू?"

फोन ठेवल्यावर दिवसभर अन्न गोड लागलं नाही. 

२२ जुलै, मंगळवार

पुढच्या मंगळवारी पंचमी. सकाळी ललिता म्हणाली, "वन्संना आणा पंचमीला."

"आपण कुठं नाग पुजतो आता?"

"नाग पुजणं सोडलं. माहेरी येणं कुणी सोडलंय?"

"माहेर भांडगाव. ते तर बंद आहे."

"तुम्ही जिथं तिथं त्यांचं माहेर. अजून दुसरा भाऊ आहे का त्यांना?"

मी म्हणालो, बरं, फोन करतो. तर तिनं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. तेहतीस वर्षांत तिनं असं केलं नव्हतं. "फोन नको. गाडी नको. रविवारी एसटीनं जा आणि घेऊन या. परत रिकामी गाडी दारात आली तर मीच शिरूरला राहायला जाईन."

भांडायची ताकद नाही. जाऊन येतो म्हटलं.

२७ जुलै, रविवार

आत्ता घरी पोचलो. अंग मोडून आलंय, पण आजचं आजच लिहितो, कारण उद्या कुरकुर करायलाही जोर राहणार नाही.

अकराच्या सुमारास शिरूरला उतरलो. आक्का दारात तांदूळ निवडत होती. या वेळी "कोण गेलं" असं विचारलं नाही. "कारेक्रम हाय का?" म्हणाली.

"नाही."

"मग कुणाचं लगीन काढलं?"

"कुणाचं नाही."

"मग कशापायी आलास एवढा?"

"न्यायला आलोय. पंचमीला चल."

तिनं सूप खाली ठेवलं. मग "गाडी कुठं उभी केली?" म्हणत माझ्या मागे गल्लीत बघितलं. गाडी नाही, एसटीनं जायचंय म्हटलं. मनात आलं, आता म्हणेल गुडघे दुखतात, एसटी नको. तर ती उठली आणि थेट चुलीपाशी गेली. "जेवल्याबिगर न्हेत नसत्यात," म्हणाली. मी सांगत होतो की दीडची एसटी आहे, पण तिनं पुरण शिजत घातलंसुद्धा. पुरणाला काय कमी वेळ लागतो? जेवलो. पोट तडस लागेपर्यंत वाढलं. मग ती लुगडं बदलून आली. तेच होतं बहुधा, बिरदेवनं सांगितलं होतं ते. घडी अजून मोडलेली नव्हती.

पिशवी मी घेतली. चांगलीच जड होती. आता सरळ निघावं की नाही? नाही. शेजारची कडी वाजवली. "सरूबाई! ये सरूबाई! भाऊ आलाय न्ह्यायला!"

सरूबाई बाहेर आल्या, मला खालून वर बघितलं. "ह्यो व्हय तुमचा रेल्वेवाला?"

"ह्यो. पोपट. पंचमीला न्ह्यायला आलाय, दौंडास्नं."

तिथून पुढच्या दारी. तिथंही तेच. गिरणीवाल्याला गिरणी बंद करायला लावली, आवाजात ऐकू जात नव्हतं म्हणून. "पोपट आलाय माझा. न्ह्यायला." गिरणीवाला म्हणाला, "बरं बरं, यांनीच मला मागं पत्ता इचारला व्हता." त्याची काय गरज होती? किराणा दुकानात काही घ्यायचं नव्हतं, तरी थांबली. शिंप्याकडे थांबली. यार्डातून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या दोघी बायका होत्या, त्यांना पाट्या खाली ठेवायला लावून माझं नाव सांगितलं. मी प्रत्येक ठिकाणी पिशवी घेऊन उभा. मान डोलवून डोलवून दुखायला लागली. दोनदा म्हणालो, "आक्का, एसटी." तर म्हणे, "जाईल तिकडं."

आणि गेलीच. आम्ही स्टँडात शिरलो आणि ती बाहेर पडली. पुढच्या एसटीपर्यंत बाकावर बसलो. तिथंही शेजारी एक अनोळखी म्हातारी होती. तिलाही सांगून झालं.

खरं तर मला राग यायला हवा होता. घरून निघताना तो भरपूर होता. पण बाकावर बसल्यावर शोधला तर सापडेना. नुसता थकवा होता, आणि थकव्याच्या मानानं मन हलकं होतं. पुरणाची गुंगी असावी.

एसटीत आक्काला खिडकी दिली. कंडक्टर आला. मी म्हणालो, "दोन चौफुला, एक अर्धं." आक्का त्याला म्हणाली, "ह्यो माझा भाऊ हाय, पोपट. मला न्ह्यायला आलाय." कंडक्टरनं काही विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "आजी, सुट्टे द्या."

दौंडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ललितानं आक्काच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दोघी नणंद-भावजय नसून मैत्रिणी असल्यासारख्या आत जाऊन बोलत बसल्यात, अजून आवाज येतोय. मधूनच माझं नाव आणि हसू ऐकू येतं. ललितानं 'पोपटराव' सांगितलेलं दिसतंय.

जरा वेळानं ललिता बाहेर आली. विचारलं, "काय हो, वाटेत वन्सं काही गायल्या का? ओवी वगैरे?"

छे. गायची कुठली, रस्ताभर तिची टकळी चालू होती. चाल समजावून सांगायचं मीही विसरलो. आणि गायली असती तरी रेकॉर्ड कसं करणार होतो? एका हातात पिशवी होती, आणि दुसरा तिनं घरापासून स्टँडापर्यंत सोडलाच नाही.